पॉवर सप्लाय सोडून

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आईनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला नाही. सोमवार होता. तिनं आणखी तीनदा दाबलं. चौथ्या खेपेला निळा दिवा लागला, पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले.

"अगं, जरा इकडे ये बरं," आईनं हाक मारली.

धाकटीनं हातातलं ताट तसंच ओट्यावर ठेवलं. आईचा आवाज इतका सपाट झाला की काहीतरी खरंच बिनसलेलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

खोली दादाची. खिडकीखाली टेबल, त्यावर मॉनिटर, खाली पायाशी काळा डबा. डब्याची एक बाजू काचेची होती आणि काचेच्या कोपऱ्यातल्या तड्यावर चिकटपट्टी मारलेली होती. दादा शीतगृहात सकाळच्या पाळीला होता. पावणेचारला घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि चार दहाला टेबलाशी बसायचा ते थेट जेवायची हाक येईपर्यंत. चौदा महिन्यांपूर्वी एका गुरुवारी कामावरून येताना वळणावर त्याची स्कूटर घसरली. त्यानंतर तीन आठवड्यांनी आई खोली झाडायला गेली, टेबलाखाली वाकली आणि तिचा हात बटणाला लागला. त्या दिवसापासून चार दहाला बटण दाबायचं आणि जेवणाच्या वेळी बंद करायचं, हे काम तिनं कोणालाही न विचारता स्वतःकडे घेतलं.

ती काही खेळायची नाही. माउसला हातसुद्धा लावायची नाही. खाटेच्या कडेला बसून भाजी निवडायची, कपड्यांच्या घड्या घालायची.

ती ऐकायची. डब्याच्या घरघरीत मधूनच, कधी पाच मिनिटांनी तर कधी वीस, एक बारीक आवाज यायचा. घसा खरवडल्यासारखा एक, आणि त्याला लागून अर्धा. शीतगृहातल्या गारठ्यानं दादाचा घसा कायम धरलेला असायचा आणि बोलायच्या आधी तो नेमका असाच खाकरायचा. तो असताना डबा हा आवाज करत होता की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. डबा चालू असे तेव्हा दादा समोर बसलेला असे. कुठला आवाज कोणाचा, हे कोण मोजत बसतं?

"बाबांना बोलावू?" धाकटीनं विचारलं.

"त्यांना पंपांच्या मोटारी कळतात. याला दुकानात ने. आणि एक सांगते." आईनं मांडीवरचा टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "काय बदलायचं ते बदला. तो आवाज येतो ना, तेवढं सोडून."

धाकटीला मात्र बरंच काही बदलायचं होतं, आणि त्याचा हिशेब या बिघाडाच्या आधीपासून तिच्या डोक्यात चालू होता. दादा पाच जणांच्या एका संघात खेळायचा. चौघं पुढं घुसायचे, पाचवा मागची बाजू राखायचा. तो पाचवा म्हणजे दादा. तो गेल्यावर चौघांनी त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवली, चौघंच खेळले आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हरले. महिन्यापूर्वी कप्तान घरी आला होता. चहाचा कप हातात धरून बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "जागा भरायची ठरलीय. तिघं जण येतायत चाचणीला. तूही ये. तू त्याच्या शेजारी बसून सगळं शिकलीयस."

"त्याची बहीण म्हणून?"

"त्याची बहीण म्हणून बोलावतोय. जागा खेळून घ्यायची. वशिला नाही."

चाचणी पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, सकाळी अकराला होती, ज्यानं त्यानं आपापल्या घरून खेळायची. धाकटी पहाटेपासून दुपारपर्यंत रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये नळ्यांवर लेबलं लावायची. दिवसभरात तिला स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं, ते या खेळात होतं. त्यात ती चांगली होती आणि तसं तिला दादानंच सांगितलं होतं. तो उगाच कौतुक करणाऱ्यांतला नव्हता. घोडं अडत होतं ते डब्यापाशी. एका वेळी चार-पाच शत्रू समोर आले की चित्र अडखळायचं, आणि ते पुन्हा हलेपर्यंत धाकटी मेलेली असायची. दोन वर्षं साठवलेले अठ्ठावीस हजार तिच्याकडं होते. त्यात एक काहीतरी धड येणार होतं. दोन नाही.

मंगळवारी दुपारी तिनं डबा चादरीत गुंडाळून स्पेअरकाकांच्या दुकानात नेला. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. काहीही न्या, "याचा स्पेअर आहे माझ्याकडं," एवढं ते म्हणायचेच. दुकान एका माणसाला आडवं झोपता येईल एवढं, आणि छतापर्यंत खोकी. काकांनी डबा उघडला, मेमरीची पट्टी उपटली, तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर चार वेळा घासलं, फुंकर मारून पुन्हा बसवली. डबा सुरू झाला.

"झालं. याचे पैसे नाहीत," काका म्हणाले. "पण ही नुसती धुगधुगी आहे, पोरी. आठ वर्षांचा माल आहे हा."

"वाढवायचाय. अठ्ठावीस आहेत."

काकांनी तिला खेळ लावायला सांगितला आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे उघडून दिले. "हा बघ, प्रोसेसर. डोकं म्हण. साठ टक्के काम करतोय, म्हणजे चाळीस टक्के वेळ बसून डुलक्या काढतोय. आणि हे ग्राफिक्स कार्ड, चित्र काढणारं. शंभर टक्के. याचा जीव चाललाय. मग कोण बदलायचं?"

"कार्ड."

"शाबास. वापरलेलं पण चांगलं कार्ड देतो, बावीसला. पण त्याला वीज जास्त लागते. तुझा हा पॉवर सप्लाय," त्यांनी डब्याच्या तळातल्या राखाडी पेटीवर टिचकी मारली, "याला ते ओढायचं नाही. पहिल्याच मारामारीत बसेल. तो नवा, पाचला. सत्तावीस झाले. हजारात घरी पेढे ने."

"आणि पॉवर सप्लाय तोच ठेवला तर?"

"तर कार्ड विसर. मग बोर्ड, प्रोसेसर, मेमरी बदल, तेवढ्याच पैशात. पण ते म्हणजे लंगड्या माणसाला नवी टोपी. आणि मागून माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

ती हसली. दुकानात दोन तास डबा चालू होता, पण तो आवाज एकदाही आला नाही. तिनं हे आईला सांगितलं नाही. रस्त्यावर रिक्षा, हॉर्न, शेजारी ग्रिल कापणारा. कशाला ऐकू येईल, असं तिनं स्वतःला समजावलं.

घरी आणून जोडला आणि चौथ्या मिनिटाला आवाज आला. आईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाबा वर आले.

बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान घराच्या खालीच होतं. पंप, पंखे, मिक्सर, जे फिरतं ते सगळं तिथं यायचं. मोटार बिघडली की ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाच्या भोकाशी धरायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "मागचं बेअरिंग." ते चुकल्याचं गल्लीत कोणी पाहिलेलं नव्हतं.

"बाबा, आवाज नक्की कशातून येतो ते सांगा," धाकटी म्हणाली. "आईला तो हवाय. ते सोडून बाकीचं बदलते."

बाबा गुडघ्यावर बसले. स्क्रू-ड्रायव्हर आधी वरच्या पंख्याला लावला, मग कार्डाला, मग तळातल्या पेटीला. आवाज पुन्हा येईपर्यंत तसेच बसून राहिले. अकरा मिनिटं लागली. आई खाटेवर, धाकटी दारात, कोणी हललं नाही. आवाज आला. बाबांनी डोळे उघडले नाहीत. टोक थोडं हलवून दुसऱ्यांदा येईपर्यंत थांबले, मग तिसऱ्यांदा.

"पॉवर सप्लाय," ते म्हणाले आणि गुडघे धरून उठले. "त्याला हात लावू नकोस. बाकी काय करायचं ते कर."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या भागांतून नेमका तोच. "नक्की ना?"

"मी काय गंमत करतोय?"

 आईनं उठून बाबांच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पदरानं पुसला आणि परत दिला. ते बघून धाकटीनं डब्याची काच परत लावून टाकली.

बुधवारी तिनं बोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी घेतली. स्पेअरकाकांनी बिल लिहिता लिहिता मान हलवली. "टोपीच घेतलीस तर. सात दिवसांत मन बदललं तर आण, तोवर जुने भाग मी बाजूला ठेवतो. ओरखडा नको पण."

गुरुवारी ती खेळली. डबा आधीपेक्षा लवकर सुरू झाला, खेळ पटकन उघडला, आणि पहिल्या मोठ्या झटापटीत चित्र जिथं अडखळायचं तिथंच अडखळलं. आधी सेकंदाला बावीस चित्रं पडत होती, आता सव्वीस. कोपऱ्यातले आकडे तिनं पुन्हा उघडले. प्रोसेसर चाळीस टक्के, कार्ड शंभर. ती सलग सहा वेळा मेली. तिच्या पाठीमागं, खाटेवर, आई भाजी निवडत होती, आणि डब्यातून घसा खरवडल्याचा आवाज येत होता.

सातव्यांदा मेल्यावर धाकटीनं कानांवरचे हेडफोन काढले आणि डब्याकडं बघितलं. तिला दादाचा राग आला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

शुक्रवारी आई दाताच्या डॉक्टरकडं गेली होती. धाकटीनं लॅबमधून आल्याआल्या डबा उघडला, सुरू केला आणि आइस्क्रीमची एक चपटी लाकडी काडी घेतली. काय करायचं ते तिनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं. बाबांचा कान बरोबर असेल, तर आवाज पॉवर सप्लायच्या पंख्याचा. तसा पंखा वेगळा विकत मिळतो, शंभर-दोनशेला. उलट करायचं. नवा पॉवर सप्लाय घ्यायचा, त्यात जुना पंखा बसवायचा. आवाजही राहील, कार्डही येईल. बाबांच्या मुलीला हे आधीच सुचायला हवं होतं.

आधी खात्री करावी म्हणून तिनं काडी जाळीतून आत सरकवली आणि पंख्याचं पातं अडवलं. पंखा थांबला. तिनं मोजायला सुरुवात केली. चाळीसच्या पुढं कुठंतरी आवाज आला. एक, आणि त्याला लागून अर्धा.

काडी काढली. कार्डाचा पंखा अडवला. पुन्हा आवाज आला. वरच्या पंख्याची वायर काढली. प्रोसेसरचा पंखा नवा होता, दोन दिवसांचा, तरी तोही क्षणभर अडवला. आवाज येत राहिला. हार्ड डिस्कची केबल काढली. आवाज आला. शेवटी तिनं भिंतीतला प्लगच उपटला. सगळं थांबलं. खिडकीबाहेर कोणीतरी गालिचा झोडपत होतं, तेही थांबलं.

खोलीत दुपारचं लख्ख ऊन होतं. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, हातात प्लग होता, आणि उघड्या डब्यातून दादा खाकरतो तसा आवाज आला.

ती जिना उतरून बाबांच्या दुकानात गेली. बाबा एका पंपाला तांब्याची तार गुंडाळत होते.

"प्लग काढल्यावर आवाज येऊ शकतो?"

"उरलेला करंट असतो आत."

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट. फार तर एक."

"तीन मिनिटं झाली होती. पंखे सगळे बंद होते. मी घड्याळ लावून बसले होते, बाबा."

बाबांचा हात थांबला नाही. फेरे मोजत होते. एकशे बारा, एकशे तेरा. एकशे वीसला त्यांनी तार दातानं धरली, गाठ मारली आणि मग वर बघितलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी तीनदा ऐकला. पेटीला लावला तरी तेवढाच, कार्डाला लावला तरी तेवढाच. मग टोक हवेत धरलं. कशालाच टेकवलं नव्हतं. तरी तेवढाच." त्यांनी पंप बाजूला सरकवला. "छत्तीस वर्षं हे काम करतोय. फिरणारं काही नाही आणि आवाज आहे, असं कधी झालं नाही."

"मग पॉवर सप्लाय का म्हणालात?"

"काहीतरी सांगायला हवं होतं. डोळे उघडले तर समोर तुझ्या आईचं तोंड." त्यांनी हात फडक्याला पुसले. "आमच्याकडं वीज देणाऱ्या भागाला कोणी हात लावत नाही. जळेपर्यंत चालवतात. मला वाटलं, सगळ्यात शेवटी बदलतात तो भाग सांगावा. तिला पाच-सात वर्षं मिळतील."

"बाबा, खेळाच्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड बदललं की पहिला तोच बदलतात."

"हे मला कुठून माहीत असणार?"

ती खुर्चीच्या हातावर बसली.  गिऱ्हाईक आलं, मिक्सरचं भांडं ठेवून गेलं.

"तुझी चाचणी कधी?"

"पुढच्या रविवारी."

"कार्ड बदललं नाही तर?"

"तर नाही होणार. सहा-सहा वेळा मरतेय मी."

बाबांनी नखानं तारेचं टोक खरवडलं. "आईला काही सांगू नको," ते म्हणाले. "बदलायचं तर बदल. पण सांगू नको."

शनिवारी लॅबला सुट्टी होती, सकाळी तिनं आईला सांगितलं. प्लग, काडी, तीन मिनिटं, हवेत धरलेला स्क्रू-ड्रायव्हर, सगळं. लपवून बदलणं तिच्या जिवावर आलं होतं. आई वाळलेल्या चादरी ओढून ओढून सरळ करत होती. तिनं एक टोक धाकटीच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं.

"ओढ नीट. म्हणजे तुझे बाबा खोटं बोलले."

"तुझ्यासाठी बोलले."

"माहितीय. स्क्रू-ड्रायव्हर परत दिला ना, तेव्हा त्यांचा हात कापत होता. त्यांचा हात कधी कापतो?" दोघींनी चादर झटकली. "आणि तुम्हा बापलेकीला काय वाटलं, मी पंख्याचा आवाज ऐकत बसते? मी कधी म्हटलं तो पंखा आहे?"

"तू म्हणालीस, तेवढं सोडून बदला."

"तुम्ही काय वाट्टेल ते बदलाल, म्हणून म्हटलं. भीती वाटली." तिनं घडी छातीशी धरली. "जा, तुला हवं ते आण. तो काय त्या सामानात बिऱ्हाड करून बसलाय?"

धाकटीला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. आई हे इतक्या खात्रीनं बोलली की तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढं बऱ्याचदा तिला वाटलं, विचारायला हवं होतं.

स्पेअरकाकांनी एका शब्दानं टोचून न बोलता सामान परत घेतलं. जुने भाग पुन्हा बसवले, कार्ड आणि पॉवर सप्लाय नवे घातले. जुनी राखाडी पेटी त्यांनी खोक्यात टाकायला उचलली, तेव्हा धाकटी म्हणाली, "ती मला द्या."

"भंगार आहे ते."

"असू दे."

त्या दुपारी आईनं बटण दाबलं. नव्या पंख्यांचा आवाज जवळजवळ नव्हताच. धाकटी खेळली. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. सेकंदाला नव्वदच्या खाली आकडा आला नाही. तिला आनंद झाला, आणि खेळता खेळता तिनं एका कानावरचा हेडफोन मागं सरकवून ठेवला.

जेवायच्या वेळेपर्यंत आवाज आला नाही.

रविवारी आला नाही. सोमवारीही नाही. धाकटीनं जुनी पेटी टेबलाखाली, डब्याला चिकटून ठेवून बघितली. मंगळवारी बाबा कामाच्या मध्येच वर आले, दारात उभे राहून दहा मिनिटं ऐकलं आणि खाली गेले. बुधवारी आईनं भाजी आणली नाही, घड्या आणल्या नाहीत, नुसती हात मांडीवर ठेवून बसली.

"जुनं पुन्हा बसवू?" धाकटीनं विचारलं. "काका बसवून देतील. चाचणी राहू दे."

"वेडी आहेस का," आई म्हणाली. पण ती म्हणायच्या आधी थोडी थांबली, आणि ते थांबणं धाकटीनं ऐकलं.

गुरुवारी आईनं साडेचारलाच उठून बटण बंद केलं. "धूळ फार झालीय खोलीत, एकदा पुसून घे," असं म्हणून ती बाहेर गेली. शुक्रवारी तिनं बटण दाबलं नाही. शनिवारीही नाही. ती स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता आणि नळाखाली काहीच नव्हतं.

रविवारी अकराला चाचणी झाली. आई बाबांसोबत कोणा ओळखीच्यांकडं गेली होती. धाकटीला नीट खेळ म्हणालीसुद्धा नाही, सरळ निघून गेली. घरात धाकटी एकटी होती. खोलीचं दार तिनं आतून लावलं, दोन्ही कानांवर हेडफोन घट्ट बसवले. तिला मागची बाजू दिली होती. चाचणी एक तास चौदा मिनिटं चालली, आणि तेवढ्या वेळात ती दोनदा मेली. बाकीच्या तिघांपैकी जो सगळ्यात कमी वेळा मेला, तो सात वेळा.

सोमवारी दुपारी एकला, ती लॅबमधून निघतच होती, तेव्हा कप्तानाचा फोन आला.

"जागा तुझी," तो म्हणाला. "कोणाचं दुमत नाही."

"खरंच?"

"खरंच. एक विचारू? काल खोलीत कोण होतं तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही."

"बाबा वगैरे?"

"घरातच नव्हतं कोणी. का?"

 "मी चाचण्या रेकॉर्ड करतो. प्रत्येकाचा माइक वेगळा. काल तुझं पुन्हा ऐकत होतो." त्यानं श्वास घेतला. "तू स्वतः ऐक. मी पाठवतो. आणि मी कोणाला ऐकवलेलं नाही, हे लक्षात ठेव."

लॅबच्या मागच्या जिन्यावर बसून तिनं ऐकलं. पहिली पाच मिनिटं तिचाच श्वास, बटणांची टकटक. सहाव्या मिनिटाला तो आवाज आला. माइकच्या अगदी जवळ नाही. हातभर मागून, टेबलाशी बसलेल्या माणसाच्या खांद्यामागं कोणी उभं असेल तर येईल तसा. एक, आणि त्याला लागून अर्धा.

तिनं पूर्ण ऐकलं. एकूण नऊ वेळा. मग कप्तानानं पाठवलेलं खेळाचं चित्रणही शेजारी लावलं आणि वेळा ताडून बघितल्या. नऊपैकी सात वेळा आवाजानंतर दोन ते तीन सेकंदांत मागून शत्रू आला होता, आणि त्या सातही वेळा तो दिसायच्या आधीच ती वळलेली होती. काल तिनं हे काही ऐकलं नव्हतं. कान बंद होते. का वळलीस, असं तिला कोणी विचारलं असतं तर, अंदाज आला, एवढंच तिनं सांगितलं असतं. दोनदा ती वळली नव्हती. त्या दोन्ही वेळा ती मेली होती.

ती घरी गेली. आई ओट्यापाशी उभी होती.

"काय म्हणाला कप्तान?"

"जागा मिळाली."

"मग तोंड का असं?"

"दमलेय."

आईनं तिच्याकडं नीट बघितलं आणि तिच्यासाठी पाणी भरलं.

कप्तानाला होकार अजून दिलेला नाही; त्यानं गुरुवारपर्यंत मुदत दिली आहे. जागा आपण खेळून घेतली की नाही, हे तिला ठरवता येत नाही. रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये आहे. मंगळवारी पहाटे लॅबला निघताना बाबांना एकट्यात गाठून तिनं विचारलं, आईला ऐकवू का. बाबांनी फोन हातात घेतला, कानाशी नेला आणि सुरू न करताच परत दिला. म्हणाले, "तिला आत्ता कुठं सवय व्हायला लागलीय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मला विचारू नको."

मंगळवारी दुपारपर्यंत आईनं ते ऐकलेलं नाही.